दाव्यांच्या टेबलावरून असोसिएटशिपकडे : सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेले नऊ पेपर

या प्रकरणातली बाई कुणी एक नाही. विम्याच्या दाव्यांवर वर्षानुवर्षं काम करून उशिरा परीक्षेला बसणाऱ्यांच्या वाट्याला जे येतं, ते इथे एका व्यक्तीत गोळा केलं आहे. तिचे गुण आणि महिने मांडणीसाठी आहेत. पॉलिसीच्या अटी, कायद्याची कलमं आणि आकडेमोडीची रीत मात्र खरी आहे.

वय ४७, मराठी माध्यमातून शाळा, बी.कॉम. सांगलीतल्या एका विमा ब्रोकरकडे १९ वर्षं दाव्यांचं टेबल. रोजचं काम मोटरचं, त्याखालोखाल दुकानांचा आणि गोदामांचा फायर म्हणजे आगीचा विमा, अधूनमधून हळदीच्या किंवा बेदाण्याच्या गाड्यांचा मरिन म्हणजे मालवाहतुकीचा विमा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरचे कित्येक आठवडे तिने भिजलेल्या स्टॉकच्या याद्या आणि चिखल लागलेल्या वह्या नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकांपुढे मांडण्यात घालवले. दाव्याचा फॉर्म ती डोळे मिटून भरते. तरी दावे प्रमुखाची जागा दोन-अडीच वर्षांत रिकामी होणार असं कळलं तेव्हा तिच्यापुढे एक अट ठेवली गेली: ट्रिपल आयची असोसिएटशिप.

ट्रिपल आय म्हणजे इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, १९५५ साली स्थापन झालेली आणि आता मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात असलेली संस्था. तिच्या व्यावसायिक परीक्षेच्या पायऱ्या तीन: लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो. हिशेब क्रेडिट पॉइंटांचा. लायसेन्शिएटला ६०, असोसिएटला त्यासकट २५०, फेलोला सगळे मिळून ४९०. खालच्या पायरीचा पेपर २० पॉइंटांचा, मधल्या पायरीचा ३० चा, वरच्या पायरीचा ४० चा. परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांची, २ तासांची, १०० गुणांची. पास व्हायला ६० लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत.

अर्ज भरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडणारे थोडे. बहुतेक जण आधी एक पेपर देऊन पाहतात आणि पुढचा निकालानंतर ठरवतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ही चैन परवडत नाही, कारण त्याच्यामागे तारीख असते. इथे मांडणी अशी झाली: आयसी-०१ विम्याची तत्त्वं, आयसी-११ सर्वसाधारण विम्याचा व्यवहार, आयसी-१४ विमा व्यवसायाचं नियमन, हे तीन २० चे म्हणजे ६०. मग मोटर (आयसी-७२), फायर (आयसी-५७), आरोग्य (आयसी-२७), किरकोळ विमा (आयसी-७८) आणि मरिन (आयसी-६७), हे पाच ३० चे म्हणजे १५०. शेवटी ४० चा जोखीम व्यवस्थापनाचा आयसी-८६. बेरीज बरोबर २५०. वरच्या पायरीचा एक पेपर घेतला नसता तर सहा तीसवाल्यांवर २४० लाच अडकून दहावा पेपर द्यावा लागला असता. पेपरांचे क्रमांक आणि पॉइंट बदलू शकतात, म्हणून ही बेरीज अर्जाच्या दिवशी संस्थेच्या चालू हस्तपुस्तिकेवरूनच करायची, कुणा सहकाऱ्याच्या जुन्या प्रिंटवरून नाही.

पहिल्या फेरीत तिने आयसी-०१ आणि आयसी-११ एकत्र लावले. तिचं गणित सरळ होतं: तत्त्वांचा पेपर सगळ्यात सोपा, सगळ्यांचा पहिला, तो काय, असाच निघेल. निकाल उलटा लागला. व्यवहाराच्या पेपरात ७१, तत्त्वांच्या पेपरात ५४. नापास.

विसराळूपणा किंवा वय ही या निकालाची कारणं नव्हती. चुकलेले प्रश्न आठवून वहीत उतरवले तेव्हा दिसलं की जवळपास सगळे तिला ‘येत होते’. प्रश्नाचा विषय ओळखीचा होता आणि उत्तर टेबलावरच्या सवयीने दिलं होतं.

यातली निम्मी गोची शब्दांची. विम्याची पुस्तकं आणि परीक्षा मुख्यतः इंग्रजीत, आणि विम्याची इंग्रजी फसवी, कारण तिचे शब्द आपल्या बोलण्यात आधीच शिरून बसलेले असतात, पण वेगळ्या अर्थाने. ‘ॲव्हरेज’ म्हटलं की मराठी माणसाला सरासरी आठवते, नाहीतर गाडी लिटरला किती देते ते. फायरच्या पॉलिसीत ॲव्हरेज म्हणजे कमी रकमेचा विमा घेतल्याबद्दल दाव्याला त्या प्रमाणात लागणारी कात्री, आणि मरिनमध्ये ॲव्हरेज म्हणजे अंशतः झालेलं नुकसान. ‘वॉरंटी’ आपल्याला फ्रिजबरोबर मिळते, कंपनी देते. विम्यात वॉरंटी विमाधारक देतो: गोदामात रात्री पहारेकरी असेल, आत ज्वालाग्राही माल ठेवणार नाही. ‘एक्सेस’ म्हणजे जादा नव्हे, दाव्यातला जो पहिला हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसायचा तो. ‘कॉन्ट्रिब्युशन’ म्हणजे वर्गणी नव्हे. एकाच मालावर दोन कंपन्यांच्या पॉलिसी असतील तर त्यांनी नुकसान आपसात वाटून घ्यायचं, ते. वीस वर्षं हे शब्द कानावरून जात असतात, पण फाइल पुढे सरकायला त्यांची व्याख्या लागत नाही. परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन अगदी शेजारचे असतात आणि तिथे व्याख्याच लागते.

तिने नंतर दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे विम्यातला अर्थ आणि उजवीकडे रोजच्या बोलण्यातला अर्थ अशी यादी केली. साठेक शब्द झाले. या प्रकरणात सगळ्यात कमी वेळ खाऊन सगळ्यात जास्त गुण दिले ते या यादीने.

उरलेली निम्मी गोची रिवाजाची. टेबलावर रुळलेलं वाक्य असं: चेक हातात आला, कव्हर चालू. विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी हप्त्याची रक्कम आगाऊ मिळाल्याशिवाय जोखीम घ्यायला कंपनीला मनाई करतं. एजंटाने हप्ता गोळा केला असेल तर सुट्ट्या सोडून २४ तासांच्या आत तो कंपनीकडे भरायचा किंवा रवाना करायचा असंही तेच कलम सांगतं. एजंटाच्या खिशात चेक तीन दिवस पडून राहिला आणि दरम्यान दुकान जळलं, तर? ज्याने असे प्रसंग साहेबांच्या एका फोनवर मिटताना पाहिले आहेत तो ‘दावा देय’ असं उत्तर देतो. ज्याने फक्त पुस्तक वाचलं आहे तो तारखा जुळवत बसतो, आणि बरोबर ठरतो. कलम ४१ चंही तेच. हप्त्यात सूट म्हणून एजंटाने कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत करणं या कलमाने बंद आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत आहे. बाजारात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्नपत्रिकेत बाजार नसतो.

विमेय हितसंबंध, म्हणजे ज्याचा विमा घेतला त्याच्या नुकसानीत आपलंही आर्थिक नुकसान असणं, तो कधी असायला हवा, हा तर हमखास विचारला जाणारा प्रश्न. आयुर्विम्यात पॉलिसी घेताना, फायरमध्ये घेताना आणि नुकसानीच्या वेळीही, मरिनमध्ये नुकसानीच्या वेळी. तासगावचा बेदाणा दिल्लीला जाताना वाटेतच विकला गेला आणि दावा घेणाऱ्याच्या नावाने लागला, अशा फाइली तिने स्वतः हाताळल्या होत्या. तरी उत्तर चुकलं, कारण त्या फाइलींत तिने पाहिलं होतं ते पॉलिसीच्या मागचं पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्याच्या नावे केल्याची नोंद, आणि सही. पृष्ठांकन का चालतं, हा प्रश्न तिथे कधी पडलाच नव्हता.

फायरच्या एका गणिताकडे जरा जवळून पाहू. गोदामात ४० लाखांचा माल, विमा २५ लाखांचा, आगीत नुकसान ८ लाखांचं. कात्री लागून ८ गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे ५ लाख. आता एक्सेस कधी वजा करायचा, कात्रीआधी की नंतर? नंतर. पण ती कायम आधी वजा करत आली होती आणि तिचं उत्तर कधी चुकलं नव्हतं. असं कसं? तिच्या हातून गेलेले मोठे दावे पुराचे होते. नैसर्गिक आपत्तीच्या दाव्याला नेहमीच्या फायर पॉलिसीत एक्सेस ५ टक्के असतो (किमान १०,००० रुपये). टक्केवारी आधी काढा नाहीतर नंतर, गुणाकाराचा क्रम बदलून उत्तर बदलत नाही: ७ लाख ६० हजारांना कात्री लावली तरी ४ लाख ७५ हजार, ५ लाखांतून ५ टक्के काढले तरी ४ लाख ७५ हजार. एक्सेस सरळ १०,००० रुपयांचा असला की मात्र फरक दिसतो. आधी वजा केला तर ४,९३,७५०, नंतर केला तर ४,९०,०००. परीक्षेच्या पर्यायांत दोन्ही आकडे असतात. आणि भंगाराची किंमत? ती या दोन्हींच्या आधी, नुकसानीतूनच वजा करायची. आधी भंगार, मग कात्री, शेवटी एक्सेस. हा क्रम तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

मोटरच्या पेपराला तिने जास्त वेळ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, कारण मोटर तर हातचा मळ. पण अलीकडच्या गाड्यांचे दावे बहुतेक झिरो-डेपचे, म्हणजे घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) न कापण्याच्या ॲड-ऑनवरचे. घसाऱ्याचा तक्ता हाताने लावून तिला कित्येक वर्षं झाली होती. पेपरात येतो तो साधा पॅकेज पॉलिसीचा हिशेब. समजा गाडी ३ वर्षं २ महिन्यांची, इंजिन १,५०० सीसीच्या आतलं. प्लास्टिकचा बंपर ६,०००, पत्र्याचा दरवाजा १२,०००, पुढची काच ८,०००, रंगकाम ८,०००. बंपरला ५० टक्के घसारा, म्हणून ३,०००. पत्र्याला वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांना २५ टक्के, म्हणून ९,०००. काचेला घसारा नाही, पूर्ण ८,०००. रंगाच्या बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि घसारा फक्त त्यावर ५० टक्के, म्हणजे २,००० तले १,००० गेले, राहिले ७,०००. बेरीज २७,०००, त्यातून सक्तीचा एक्सेस १,००० वजा. मिळणार २६,०००, बिल ३४,००० चं.

तिने पहिल्या सरावात काचेला प्लास्टिकच्या ओळीत बसवलं आणि रंगाच्या पूर्ण बिलाला ५० टक्के लावले. उत्तर आलं १९,०००. टेबलावर हे काम आता सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे चूक कधी दिसलीच नसती. पत्र्याचा तक्ता (६ महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, मग १०, १५, २५, ३५, पाच ते दहा वर्षं ४०, पुढे ५०) आणि गाडीच्या विमित किमतीचा तक्ता (५, १५, २०, ३०, ४०, ५०) हे दोन वेगळे आहेत. अनुभवी माणसं घोटाळा करतात तो या दोन तक्त्यांची सरमिसळ करून. नवशिक्या सहसा करत नाही. त्याला दोन्ही सारखेच अनोळखी.

जुन्या पुस्तकांचा मुद्दा वेगळा. ऑफिसच्या कपाटात कुणा निवृत्त सहकाऱ्याचा संच पडलेला होता, त्यावर तिने आरोग्याचा पेपर सुरू केला आणि तीन आठवडे फुकट गेले. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांच्या फायरला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा लागू झाल्या, आणि त्यांत विम्याच्या रकमेतल्या १५ टक्क्यांपर्यंतच्या तुटीकडे दुर्लक्ष करतात. २०२४ मध्ये आरोग्य विम्यात आधीच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने झाली आणि ज्या मुदतीनंतर दाव्याला हरकत घेता येत नाही ती आठ वर्षांवरून पाचावर आली. जुन्या संचात यातलं काही नाही. प्रश्न नेमलेल्या पुस्तकावर बेतलेले असतात, तेव्हा आधी आवृत्ती पाहायची, मग पान उघडायचं. संस्थेकडून चालू आवृत्ती मागवण्यात वाचवलेले पैसे फेरपरीक्षेच्या शुल्कात जातात, वर सांगलीहून केंद्राला जायचा-यायचा खर्च आणि एक रजा.

आणखी एक खड्डा बायकांच्याच वाट्याचा. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी, मधलं नाव गाळलेलं. केंद्रावर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांवरचं नाव जुळलं नाही तर तिथे वाद घालून उपयोग नसतो. नोंदणी करतानाच, ज्या ओळखपत्रावर परीक्षेला जायचं त्यावरचं नाव अक्षरशः तसंच घालायचं आणि पदवीसाठी विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवायची. तिला हे नोंदणीनंतर कळलं आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहार पहिल्या परीक्षेच्या तोंडावर करावा लागला.

वेळेचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या फेरीला ती रात्री दहानंतर बसायची, स्वयंपाकघर आवरून, आणि रविवारी सलग पाच तास. रात्री वाचलेलं सकाळी शिल्लक नसायचं, आणि रविवारच्या पाच तासांतले दोन फोनवर जायचे, कारण अपघात रविवार पाहत नाहीत आणि ग्राहकांकडे तिचा नंबर असतो. दुसऱ्या फेरीपासून पहाटे साडेपाच ते सहा वीस, आठवड्याला सहा दिवस. पन्नास मिनिटांप्रमाणे आठवड्याचे पाच तास, एका पेपरला १२ आठवडे, म्हणजे ६० तास. त्यांतले पहिले ३५ पुस्तकाला, नंतरचे २० प्रश्न सोडवायला आणि शेवटचे ५ फक्त शब्दांच्या यादीला आणि तक्त्यांना. एका वेळी एकच पेपर. दोन पेपर एकत्र लावले की अभ्यास आवडत्या पेपराचा होतो. आयसी-११ चे ७१ आणि आयसी-०१ चे ५४ त्यातूनच आले होते.

प्रश्न सोडवण्याची रीतही बदलली. चुकलेल्या उत्तरापुढे नुसती फुली न मारता ती एक अक्षर लिहू लागली: ‘श’ म्हणजे शब्द कळला नाही, ‘स’ म्हणजे सवयीने दिलं, ‘त’ म्हणजे तक्ता विसरला, ‘घ’ म्हणजे घाईत ‘नाही’ हा शब्द वाचलाच नाही. महिन्याभरात ‘स’ सगळ्यात जास्त निघाले, ‘त’ सगळ्यात कमी. म्हणजे पाठांतरावर घालवलेला वेळ चुकीच्या जागी जात होता. आयसी-०१ सातव्या महिन्यात ७८ ने सुटला.

जिथे अनुभव थेट कामी आला ती जागाही सांगितली पाहिजे. फायरच्या पेपरात वादळ-पूर या जोखमीवर प्रश्न असतात. नेहमीच्या फायर पॉलिसीत ही जोखीम आत असते, पण विमाधारक ती वगळून हप्ता थोडा कमी करून घेऊ शकत असे. नदीपासून दूर राहणाऱ्या तरुण उमेदवाराला ही ओळ घोकावी लागते. २०१९ मध्ये ज्याने एखाद्या दुकानदाराला पॉलिसी उलगडून ‘ही जोखीम तुम्ही वगळलेली आहे, दादा’ असं समोर बसून सांगितलं आहे, त्याला नाही. जवळचं कारण, म्हणजे नुकसान मुळात ज्याच्यामुळे घडलं ते, या तत्त्वाचंही तसंच. आग विझवताना बंबाच्या पाण्याने भिजलेल्या मालाचं नुकसान आगीचंच धरायचं, हे तिने पंचनाम्यात वाचलेलं होतं. त्या पेपराला तिने बारातले नऊच आठवडे दिले आणि वाचलेले तीन मरिनला दिले, कारण मरिनची इंग्रजी जुन्या जहाजांच्या काळातली आहे आणि एक वाक्य तीनदा वाचावं लागतं.

शेवटचा, आयसी-८६, सव्विसाव्या महिन्यात. २५० पूर्ण झाले तेव्हा तिचं वय ४९ होतं. प्रमुखाची जागा तोवर दोन महिने रिकामी होती आणि काम तिच्याकडेच होतं, हुद्दा नव्हता. वाट पाहायला ब्रोकर तयार झाला तो एका कागदामुळे: सुरुवातीलाच तिने पेपर आणि महिने यांचा तक्ता व्यवस्थापकाला लेखी दिला होता आणि दर निकालानंतर त्याची प्रत सुधारून पाठवत होती. नापास झालेला पेपरही त्यात होता. तोंडी आश्वासनावर दोन वर्षं अभ्यास करणाऱ्यांचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पुढचा प्रश्न फेलोशिपचा. आणखी २४० पॉइंट, म्हणजे चाळीसवाले सहा पेपर. त्याच वेगाने ७२ आठवडे, फेरपरीक्षा धरली तर पावणेदोन वर्षं. निवृत्ती ५८ व्या वर्षी. फेलोशिपने या ऑफिसात हुद्दा बदलत नाही, पगारही नाही. सर्वेक्षकाचा परवाना हा दुसरा विचार होता. तिथे अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखाली १२ महिने प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा आहे, आणि ब्रोकरच्या पगारावर राहून त्याच ग्राहकांच्या नुकसानीचं मोजमाप करणं हितसंबंधांच्या आड येतं. नोकरी सोडल्याशिवाय ते होणार नाही. तिने दोन्ही बाजूला ठेवले आणि दायित्व विम्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देण्याची जबाबदारी आली तर त्यासाठीच्या विम्याचा, एकच पेपर, आयसी-७४, पुढच्या फेरीला लावला. कुपवाडच्या कारखान्यांकडून त्या पॉलिसींची विचारणा येऊ लागली होती आणि ऑफिसात ती पॉलिसी नीट वाचू शकणारं कुणी नव्हतं.